आकाशातून पडलेला दगड कुणाचा?

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वेल्डिंगचं दुकान चालवतो. सलाम-दुआ झाली, चहा झाला, मग त्याने टॉवेलात गुंडाळलेला एक काळा, जड गोळा माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, "सर, तुम्हाला दगडांचा नाद आहे. हा आकाशातला आहे ना?"

दगड त्याला सापडलेला नव्हता. एका दलालाने तो त्याच्याकडे ठेवायला दिला होता. परदेशातली कंपनी कोट्यवधी देणार, पण आधी 'टेस्टिंग'चे पैसे भरावे लागतील, असं सांगून पंचेचाळीस हजार घेतले होते. बहिणीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले. दलालाने वर हेही ऐकवलं होतं, की हा हजरे-अस्वदच्या जातीचा दगड आहे, घरात ठेवला तरी बरकत येते.

मी भाषेचा शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. पण वर्गातल्या मुलांना घेऊन लोणारला गेलो, तेव्हापासून उल्कांबद्दल वाचायचा नाद लागला. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा तो खड्डा एका उल्केच्या आघाताने कठीण काळ्या पाषाणात पडला, हे काठावर उभं राहून समजून घेणं वेगळंच असतं. म्हणून माझं मत आधीच सांगतो. उल्कापाषाण, म्हणजे अशनी, जमवण्याचा छंद चांगला आहे. वाईट आहे ते अज्ञान आणि लपवाछपवी. या व्यवहारात गरीब माणूस दोन्ही टोकांना लुटला जातो. खोटा दगड त्याच्या गळ्यात मारला जातो आणि खरा त्याच्या हातून कवडीमोलाने जातो.

आधी खोट्याबद्दल. आपल्याकडे 'राइस पुलर'च्या नावाने फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तांदूळ ओढणारं भांडं, वीज पडलेला धातू, 'नासा' विकत घेणार, अशा त्या गोष्टी असतात. उल्केचा धंदाही त्याच वळणावर चाललाय. पैसे घेणाऱ्याऐवजी देणाऱ्याकडूनच आधी मागितले जातात, एवढी एक खूण पुरेशी आहे.

दगड ओळखण्याच्या प्राथमिक चाचण्यांना पैसे लागत नाहीत. बहुतेक अशनींत लोखंड-निकेलचा अंश असतो, त्यामुळे त्या लोहचुंबकाला ओढल्या जातात आणि आकाराच्या मानाने जड लागतात. पण एवढ्यावर भुलू नये. दख्खनच्या काळ्या पाषाणातही चुंबकीय खनिज असतं, तोही थोडाफार ओढला जातो. मग घरातली फरशीची टाइल उलटी करायची आणि तिच्या खरखरीत पाठीवर दगड घासायचा. लाल किंवा काळी रेघ ठळक उमटली, तर तो बहुधा पृथ्वीवरचंच लोहखनिज. वातावरणातून जळत आलेल्या ताज्या अशनीवर पातळ काळी साल असते. आतून ती बहुधा फिकी, करडी निघते आणि तिच्यात धातूचे कण चमकतात. आणि सर्वांत सोपी खूण म्हणजे आत बुडबुड्यांची भोकं असली, तर जवळजवळ नक्कीच ती उल्का नव्हे. एवढं जुळलं तरी निकाल प्रयोगशाळेचाच.

मी त्याला म्हटलं, "तुझ्याकडे ग्राइंडर आहे. एक कोपरा काप." दुकानात जाऊन त्याने कापला. आत भोकंच भोकं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, हा तर भट्टीचा स्लॅग आहे. मी रोज हातोडीने हेच झाडतो." ज्याला ही वस्तू ओळखता यायला हवी होती, त्यानेच ती ओळखली नाही. कारण कुणीतरी तिच्यावर आकाशाचं आणि मजहबचं नाव चिकटवलं होतं.

हजरे-अस्वद उल्का असावा, हा काही अभ्यासकांचा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. आणि समजा असला, तरी? हजरत उमर यांनी त्याच्यासमोर उभं राहून काय सांगितलं, ते आपण लहानपणापासून ऐकतो. तू दगड आहेस, नफा-नुकसान तुझ्या हातात नाही, रसूलुल्लाहना चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं, अशा आशयाचं ते बोलणं आहे. काबागृहाच्या दगडाबद्दल ही स्पष्टता असेल, तर दलालाच्या दगडातून बरकत कुठून येणार?

आता खऱ्या दगडांकडे वळू. १८ जुलै २०११ रोजी मोरोक्कोच्या दक्षिणेला टिसिंटजवळ मंगळावरून आलेली उल्का पडली. काही महिन्यांनी वाळवंटातल्या भटक्या लोकांना तुकडे सापडू लागले. सोन्यालाही मागे टाकणाऱ्या भावाने ते जगभर गेले. किलोभराहून मोठा एक तुकडा लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने घेतला. या उल्केवरचा महत्त्वाचा शोधनिबंध मात्र कॅसाब्लांकाच्या प्राध्यापिका हसना शन्नावी यांच्या नेतृत्वाखाली 'सायन्स'मध्ये आला, ही आनंदाची बाजू.

दुसरी बाजू नायजर देशाची. नोव्हेंबर २०२३मध्ये तिथल्या वाळवंटात २४.६७ किलोचा मंगळाचा दगड सापडला. पृथ्वीवर मिळालेला हा मंगळाचा सर्वांत मोठा तुकडा. जुलै २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात तो सुमारे ५३ लाख डॉलरला गेला. लिलावगृहाने सगळे व्यवहार नियमानुसार झाल्याचं सांगितलं. नायजर सरकारने चौकशी सुरू केली आणि अशा दगडांची निर्यात थांबवली. नाव काय तर 'वायव्य आफ्रिका १६७८८'. सहारातून बाजारमार्गे येणाऱ्या दगडांना असंच नाव आणि क्रमांक मिळतो. गाव नाही, देशही नाही.

गंमत बघा. मंगळाच्या अशा दगडांना शास्त्रज्ञ 'शेरगॉटाइट' म्हणतात. टिसिंटही त्याच जातीचा, नायजरचाही. हे नाव बिहारमधल्या शेरघाटीवरून आलंय, कारण २५ ऑगस्ट १८६५ रोजी तिथे अशी उल्का पडली आणि जागेची नोंद राहिली. दीडशे वर्षांनंतरही त्या गावाचं नाव मंगळाला चिकटलेलं आहे.

नोंद ठेवण्याची ही रीत आपल्या इतिहासातही आहे. १६२१ साली जालंधरजवळ उल्का पडली, तेव्हा तिथल्या अंमलदाराने जागा खणून लोखंडाचा गोळा काढला आणि जहांगीर बादशहाकडे पाठवला. वजन १६० तोळे. नुसतं ते लोखंड ठोकताना फुटत होतं, म्हणून तीन भाग उल्केचं आणि एक भाग साधं लोखंड मिसळून उस्ताद दाऊदने शस्त्रं घडवली. हे सगळं जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. बादशहाने दगडाला नमन केलं नाही, वजन केलं.

आजची रीतही फार वेगळी नाही. नव्या अशनीला अधिकृत नाव हवं असेल, तर तिचा पाचवा हिस्सा किंवा २० ग्रॅम, यातलं जे कमी असेल ते, मान्यताप्राप्त संस्थेत अभ्यासासाठी ठेवावं लागतं. पाचवा हिस्सा वाचून मला रिकाजवरचा खुम्स आठवला. गाडलेलं धन सापडलं तर पाचवा हिस्सा समाजाचा. उल्का म्हणजे रिकाज, असा फतवा मी देत नाही. पण सापडलेल्या वस्तूत सगळ्यांचा वाटा असतो, ही जाण दोन्हीकडे आहे. तसंच गररचं. विकणाऱ्याला आपण काय विकतोय तेच माहीत नाही आणि घेणाऱ्याला ठाऊक असून तो सांगत नाही, अशा सौद्याला आपल्याकडे सचोटीचा व्यापार म्हणत नाहीत.

मीही यातून सुटलेलो नाही. माझ्या कपाटात सुपारीएवढा लोखंडी तुकडा आहे, अर्जेंटिनाच्या कॅम्पो डेल सिएलोचा. प्रमाणपत्रासह विकत घेतला. नंतर वाचलं, की २००७च्या कायद्याने अर्जेंटिनाने उल्कांना सांस्कृतिक ठेवा ठरवलंय. माझा तुकडा त्याआधी बाहेर पडला की नंतर, हे त्या प्रमाणपत्रावर नाही. मीही विचारलं नव्हतं. आता वर्गात तो दाखवतो, तेव्हा ही गोष्टही सांगतो.

आपल्या शेतात खरंच असा दगड पडला तर? हात लावण्याआधी जागेचा फोटो घ्या, तारीख-वेळ लिहा, धुऊ नका आणि तहसीलला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा. देशात पडलेल्या उल्का याच खात्याकडे सोपवायच्या असतात. मात्र सरकारनेही कळवणाऱ्याला रीतसर पावती, मोबदला आणि नावाची नोंद द्यावी. नाहीतर माणूस दलालाकडेच जाणार, आणि मग दोष फक्त त्याला देता येणार नाही.

माझ्या विद्यार्थ्याने पोलिसांत तक्रार दिली. पैसे अजून आलेले नाहीत. लग्न पुढच्या वर्षावर गेलंय. तो कापलेला स्लॅग मी त्याच्याकडून मागून घेतला. शाळेत अर्जेंटिनाच्या तुकड्याशेजारी ठेवतो आणि मुलांना म्हणतो, "यातला खरा कुठला ते ओळखा. आणि कसा ओळखलात, तेही सांगा."