तळं हिरवं झालं हे सॅटेलाइटला दिसतं, पण विषारी आहे का?

‘पाणी उकळून प्या’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण 2 ऑगस्ट 2014 ला अमेरिकेतल्या टोलेडो शहराने लोकांना नेमकं उलटं सांगितलं: नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूनही पिऊ नका. जवळपास 5 लाख लोक सुमारे तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर होते.

कारण होतं ईरी सरोवरातले सायनोबॅक्टेरिया. शाळेत आपण यांना ‘नील-हरित शैवाल’ म्हणून शिकलो, पण हे शैवाल नाही, जीवाणू आहेत. झाडांसारखं सूर्यप्रकाशावर जगतात. साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला तो यांच्यामुळेच. म्हणजे मूळचे व्हिलन नाहीत.

मग गडबड कुठे होते? शेतातल्या खताचा फॉस्फरस पावसाच्या पाण्याबरोबर मॉमी नदीतून ईरीत जातो. त्यात पाणी कोमट आणि संथ असलं की मायक्रोसिस्टिस नावाचा प्रकार झपाट्याने वाढतो. त्याच्या पेशीत वायूच्या बारीक पिशव्या असतात, त्यामुळे तो वर तरंगतो आणि ऊन खातो. तो मायक्रोसिस्टिन हे यकृताला मारक विष बनवू शकतो. उकळल्याने हे विष मोडत नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात उतरतं आणि पाणी आटलं की आणखी दाट होतं.

आता टेक्नॉलॉजीकडे येऊ. या जीवाणूंमधलं फायकोसायनिन हे रंगद्रव्य 620 नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश शोषतं. युरोपच्या सेंटिनेल-3 सॅटेलाइटला ही खूण दिसते. त्याच डेटावर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने ‘सायॅन’ हे अॅप काढलं: फोनवर सरोवर निवडा, प्रमाण बघा.

भारी आहे, पण मला यात दोन अडचणी दिसतात. एक, या फोटोचा एक पिक्सेल 300 मीटरचा. आपलं गावतळं बऱ्याचदा त्याहून लहान, म्हणजे नकाशावर नसल्यासारखंच. दुसरी मोठी: सॅटेलाइटला रंग दिसतो, विष नाही. एकाच मायक्रोसिस्टिसचे काही वाण विष बनवतात, काही नाही, आणि रंग मात्र सारखाच. खात्री लॅबमध्येच होते.

म्हणून अॅप म्हणजे धोक्याची घंटा, उपाय नव्हे. ईरीकाठच्या ओहायो, मिशिगन आणि ऑन्टारिओ यांनी 2025 पर्यंत फॉस्फरस 40 टक्के कमी करायचं ठरवलं होतं. 2025 उलटलं, पण हिरवा थर काही सुटलेला नाही. कारण आकाशातून बघणं सोपं, शेतातलं खत आवरणं अवघड.

तोवर एवढं करा. तळ्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा थर दिसला तर पोहायला उतरू नका, गुरं-कुत्री पाण्यावर सोडू नका. फोटो काढा, पण स्टेटसला टाकण्याआधी ग्रामपंचायतीला किंवा पाणीपुरवठा विभागाला पाठवा आणि पाण्याची तपासणी मागा.