सौर पॅनेलांमागचे गणित

शेतीला दिवसा वीज मिळावी, ही मागणी जुनी आहे. रात्री-अपरात्री पाणी देण्यासाठी विंचूकाट्याच्या वाटेने विहिरीवर जाणे काय असते, हे भोकरदन तालुक्यातील धावड्यासारख्या गावांना सांगावे लागत नाही. २०२३ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला, तो याच मागणीपोटी. तथापि ही सौर वीज मुख्य जाळ्यातच मिसळते. उद्या बॅटरीची जोड देऊन गावाने मुख्य वाहिनी बंद असतानाही आपल्या बळावर चालावे असे ठरले, तर केवळ पॅनेले उभारून भागणार नाही.

पॅनेल आणि बॅटरी देतात ती डी.सी. वीज, गावच्या रोहित्रातून येते ती ए.सी. या दोहोंची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. १९२५ साली मुंबईतील पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डी.सी.वर धावली, चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटर वीज डी.सी. रूपानेच आणली जाते. मात्र तेथे पाठीशी मोठे जाळे उभे असते. कोठून किती वीज वाहील याचा हिशेब मांडताना एक केंद्र तूट भरून काढणारे मानले, की समीकरणे सुटतात.

एकट्या पडलेल्या गावाला असा पाठीराखा नसतो. ए.सी. भागात मागणी वाढली की वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली उतरते, आणि ती सर्वत्र सारखीच असते. डी.सी. भागात वारंवारताच नसते. तेथे दाब उतरतो, तोही जागोजागी वेगळा. या दोन खुणा ताडून वीज कोणत्या बाजूस वळवावी, हे मधल्या कन्व्हर्टरने ठरवायचे असते. म्हणूनच वारंवारता व दाब दोन्ही अज्ञात धरून, कन्व्हर्टरमधील घट विचारात घेऊन, दोन्ही भागांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो.

तो टाळल्यास सारे पंप एकदम चालू लागताच टोकाच्या शेतात दाब पडेल, कन्व्हर्टरवर न पेलणारा भार येईल आणि पंपांबरोबर गावही अंधारात जाईल. या हिशेबासाठी लागते ती तारांची लांबी, पंपांची क्षमता आणि वापराच्या वेळा यांची खरी नोंद. तंत्रनिकेतनांचे विद्यार्थी ती सहज करू शकतील. निविदा निघण्यापूर्वी ही नोंद आणि हा हिशेब मागण्याचा अधिकार ग्रामसभेला असला पाहिजे. कारण चुकलेल्या गणिताची किंमत अखेर उभ्या पिकालाच मोजावी लागते.