खेड्यांनी मागून घेतलेले शहर



इंग्लंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लंडन उभे राहते. पण त्याच देशाच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यात, कोळसा खाणकामगारांची कुटुंबे विखुरलेल्या वस्त्यांत, दाटीवाटीच्या घरांत दिवस काढीत होती. तेथील ईझिंगटन ग्रामीण जिल्हा कौन्सिलची ही हकीकत.

अशी कौन्सिले १८९४ च्या कायद्याने निघाली. विवाहित स्त्रियांनाही त्यांवर निवडून जाता येत होते. पार्लमेंटचे दार मात्र स्त्रियांना १९१८ साली उघडले. कौन्सिलचे काम आपल्या ओळखीचे : पाणी, गटारे, घरे.

१९४६ साली या कौन्सिलचे इंजिनिअर सी. डब्ल्यू. क्लार्क यांनी एक अहवाल लिहिला. त्याच्या नावाचा अर्थ ‘बकालपणाला निरोप’. गावोगाव चार-दोन घरे बांधून भागणार नाही, सर्वांसाठी मिळून एक नवे शहर हवे, असे त्यांचे म्हणणे. नावही सुचवले, पीटरली. पीटर ली दहाव्या वर्षी खाणीत उतरले, तरुणपणी लिहा-वाचायला शिकले आणि १९१९ साली डरहॅम परगणा कौन्सिलचे अध्यक्ष झाले!

खाणकामगारांचे शिष्टमंडळ मंत्री लुईस सिल्किन यांना भेटले आणि १९४८ साली शहर मंजूर झाले. पुढे अडचणीही आल्या. जमिनीखालचा कोळसा काढायचा म्हणून कोळसा मंडळाने उंच इमारतींना हरकत घेतली. वास्तुशिल्पकार लुबेटकिन १९५० साली काम सोडून गेले. तरीही शहर वसले.

आता दुसरी बाजू पाहा. १९५१ साली परगणा कौन्सिलने शंभराहून अधिक खाणवस्त्या ‘ड’ वर्गात टाकल्या. तेथे नवी गुंतवणूक नाही, वस्ती आपोआप ओसरू द्यायची! रहिवाशांचा संताप उसळला. १९७७ साली ते धोरण सोडावे लागले.

उद्देश दोन्हीकडे सुधारणेचाच. पण पीटरली लोकांनी मागितले होते. ‘ड’चा शिक्का लोकांना न विचारता बसला होता.

ईझिंगटन ग्रामीण कौन्सिल १९७४ साली विसर्जित झाले. त्याच्या जागी आलेला जिल्हाही २००९ साली गेला. पीटरली मात्र उभे आहे. तेव्हा बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीचा आराखडा टेबलावर येईल तेव्हा तो आधी आपण वाचावा, आणि घरातल्या बायकांनाही वाचून दाखवावा. राहायचे आपल्याला आहे.