घरचे दुखणे चव्हाट्यावर?

घरातली भांडणे परक्या माणसापुढे मांडायची? हा प्रश्न आमच्या बेलापुरातल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारला, तेव्हा त्यांच्या आवाजात असा काही तिटकारा होता, की जणू मी घरच विकायला काढले आहे! मी मॅट्रिक झालेला मास्तर. कादंबऱ्या लिहितो म्हणून लोक मला मनाचा जाणकार समजतात. तेव्हा प्रथम माझीच फजिती सांगतो.

दहावीत असताना माझा मुलगा आमच्याशी बोलेनासा झाला. मी रागावलो, समजूत घातली, अखेर थोरल्या काकांना बोलावले. त्यांनी चार नातेवाइकांदेखत त्याला तासभर उपदेश केला. त्या रात्रीपासून तो आमच्या पंक्तीलाही बसेना. पत्नी म्हणाली, "नगरला मानसशास्त्रज्ञ आहेत, जाऊ या." मी म्हणालो, "माझा मुलगा वेडा नाही." हे वाक्य बोलायला मला एक क्षण लागला; गिळायला सात महिने.

शेवटी गेलो. मुलाला आत पाठवून मी बाहेर वर्तमानपत्र उघडले, तो त्या बाईंनी मलाही आत बोलावले. विचारले, "तुमचे चुकले, असे हा घरात कधी म्हणू शकतो का?" जन्मभर मुलांना प्रश्न विचारणाऱ्या मास्तराला उत्तर देता आले नाही. पुढे कित्येक खेपा झाल्या. मुलगा आता बोलतो. कधी माझ्याविरुद्धही बोलतो. आजारी तो एकटा नव्हता, आमच्या घराची बोलण्याची रीतच आजारी होती.

आता आक्षेपकांकडे वळतो. म्हणे, हे पाश्चात्त्यांचे खूळ! गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली ती 1922 साली. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात आवारात तंबू ठोकून नातलगांना रुग्णांजवळ राहवून घेतले. कुटुंबासह उपचार ही कल्पना आपल्याच मातीत वाढली आहे.

म्हणे, अब्रू जाते! अहो, काकांच्या बैठकीत झालेले बोलणे दुसऱ्या दिवशी बाजारात पोचले होते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मग चव्हाटा कोणता?

आणखी एक ढोंग आहे. नवराबायकोचे पटेना, की सुनेला एकटीला पाठवायचे आणि सांगायचे, "हिला ताळ्यावर आणा." मानसशास्त्रज्ञ म्हणजे सून दुरुस्त करण्याचा कारखाना नव्हे. दोघांचे बिनसले असेल तर दोघांनी जावे. आणि जिथे मारहाण आहे, तिथे आधी त्या बाईला संरक्षण हवे. त्यासाठी 2005 चा कायदा आहे. समेटाच्या नावाखाली तिला पुन्हा त्याच घरात लोटणे हा उपचार नव्हे.

एक आक्षेप मात्र मी मानतो : अंतर आणि पैसा. बेलापूरहून नगरला जाऊन यायचे म्हणजे दिवस मोडतो, मजुरी बुडते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 चा, जिल्हा कार्यक्रम 1996 चा. तरी 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत बहुतेक मानसिक आजारांचे दर शंभरांतले सत्तरहून अधिक रुग्ण उपचारावाचूनच आढळले. 2022 पासून 14416 हा मोफत दूरध्वनी आहे, तो अडल्या रात्री जरूर फिरवावा. पण समोरासमोर बसण्याची सर त्याला येणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी असा माणूस हवा, हे मागण्याची लाज कशाला?

ती मागणी होईल कशी? ज्यांना गरज आहे तेच तोंड लपवतात. म्हणून मी तोंड उघडले. त्या गृहस्थांना माझे उत्तर एवढेच : परक्यापुढे बोललो, म्हणून मुलगा परका झाला नाही.