दिलीपकुमारांची यादीत नसलेली भूमिका

७ जुलै २०२१ ला दिलीपकुमार गेले आणि त्या दिवसापासून मोबाईलवर एकच यादी फिरत राहिली. 'देवदास', 'मधुमती', 'मुघल-ए-आझम', 'राम और श्याम', 'शक्ती'. सोबत 'ट्रॅजेडी किंग' ही पदवी आणि सायरा बानोंसोबतचा एक फोटो. माणूस अठ्ठ्याण्णव वर्षं जगला आणि आपण त्याला पाच सिनेमे आणि एका पदवीत गुंडाळून मोकळे झालो.

दुसरीकडे नेहमीचे लोक नेहमीच्या कामाला लागलेच होते. युसूफ खानने नाव का लपवलं, हा त्यांचा प्रश्न. 'ज्वार भाटा' १९४४ साली आला, तेव्हा बॉम्बे टॉकीजमध्ये देविका राणींनी हे नाव सुचवलं, ही गोष्ट सत्तर वर्षांपासून छापून येते आहे. त्यात लपलं काय? जो माणूस शेवटी जुहूच्या कब्रस्तानात शासकीय इतमामात दफन होतो, त्याचं नाव कुणापासून लपलं होतं? या मंडळींना उत्तर नको असतं, म्हणून त्यांच्यावर यापेक्षा जास्त शब्द खर्च करत नाही. माझं भांडण आपल्या लोकांशी आहे.

आपल्याकडेही दोन तट पडले. एक म्हणतो, सिनेमावाल्यासाठी कसली दुआ मागता. दुसरा सलीमचा फोटो लावून 'आपला शहजादा' म्हणून छाती फुगवतो. इतक्या वर्षांच्या कारकिर्दीत मुसलमान पात्र म्हणून ठळक आठवतो तो एकटा सलीम, आणि तोही बादशहाचा मुलगा. या दुसऱ्या तटाचा मला जास्त राग येतो. फळाच्या गाडीवर उभ्या असलेल्या माणसाला मुघलांच्या दरबारात स्वतःचं प्रतिबिंब दिसावं, ही आपली जुनी खोड आहे.

बाकीचे दिलीपकुमार बघा ना. 'नया दौर'मधला शंकर टांगेवाला आहे, मालकाच्या मुलाने आणलेल्या बसपुढे त्याचं पोट उभं राहतं. 'पैगाम'मधला रतनलाल गिरणीत मालकाशी झगडतो. 'सगीना' चहाच्या मळ्यांच्या मुलखातला कामगारपुढारी. 'गंगा जमना'मधला गंगा जमीनदाराच्या खोट्या आळापायी डाकू होतो, आणि तो पुस्तकी हिंदी-उर्दू बोलत नाही, पूरबी बोलीत बोलतो. पेशावरला जन्मलेल्या नटाने ती बोली अशी पचवली की पुढे गावाकडचा माणूस पडद्यावर दाखवायचा तर नट तीच चाल उचलू लागले.

आणि 'फुटपाथ'. १९५३ चा सिनेमा, झिया सरहदींचा, तेव्हा चालला नाही. त्यातला नोशू पैशासाठी काळ्या बाजारात उतरतो, औषधांचाही साठा करतो. साथ येते, माणसं मरतात, आणि शेवटी तो स्वतःच्या तोंडाने गुन्हा कबूल करतो. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यात आपण रेमडेसिविरच्या एकेका कुपीसाठी ज्या दारांवर उभे होतो, ते आठवून हा शेवट पुन्हा बघा. त्या आठवड्यातल्या किती याद्यांत 'फुटपाथ' होता? मला आलेल्यांपैकी एकाही नाही.

मराठी माणसाने तर 'मशाल' विसरू नये. १९८४ चा हा सिनेमा वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले'वर बेतलेला. नाटकातला लाल्या म्हटलं की आपल्याला काशिनाथ घाणेकर आठवतात. सिनेमात मात्र लक्षात राहतो तो रात्रीच्या निर्जन रस्त्यावर मरणाऱ्या बायकोसाठी गाड्यांना हात करणारा म्हातारा संपादक. एकही गाडी थांबत नाही.

पण मला सांगायची आहे ती भूमिका पडद्यावरची नाहीच. १९९० साली मंडल लागू झाल्यावर मराठवाड्यातून, जालन्याच्या शब्बीर अन्सारींच्या पुढाकाराने, मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली. तिचं म्हणणं साधं होतं. तांबोळी, पिंजारी, अत्तार, बागवान, मोमीन हे धंद्यावरून ओळखले जाणारे, पिढ्यान्‌पिढ्या मागे राहिलेले लोक आहेत. त्यांना मागासलेपणाच्या आधारावर हक्क द्या, धर्माच्या आधारावर नको. या चळवळीच्या मंचावर दिलीपकुमार जाऊन बसले. एकदा फीत कापून परतले नाहीत, सभा घेतल्या, दौरे केले. त्यांचे वडील फळांचे व्यापारी. पेशावर आणि देवळाली दोन्हीकडे त्यांच्या बागा होत्या. फळाच्या पेटीशी घराचं नातं काय असतं, हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नसणार. ७ डिसेंबर १९९४ ला, शरद पवार मुख्यमंत्री असताना, मुस्लिम मागास जमातींना ओबीसींच्या सवलती देणारा शासननिर्णय निघाला. तो एकट्या दिलीपकुमारांमुळे निघाला असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं गावोगाव फिरलेल्या कार्यकर्त्यांवर अन्याय होईल. पण ज्या सभेला पाचशे लोक आले असते तिथे हजारो यायचे आणि मंत्र्यांना दखल घ्यावी लागायची, ती त्यांच्यामुळे.

त्या वेळी विरोध कुणाचा होता? बाहेरच्यांचा होताच. आतल्यांचाही होता. 'इस्लाममध्ये जात नाही, हा मिल्लतमध्ये फूट पाडायचा डाव आहे,' हे सांगणारे बहुतेक सय्यद, शेख आणि पठाण घरांतले. इस्लाममध्ये जात नाही, कबूल. मग पिंजाऱ्याच्या मुलाचा पैगाम घेऊन यांच्या दारात जा आणि चहा मिळतो का बघा. मशिदीत एका सफीत उभं राहायचं आणि निकाहाच्या वेळी हड्डी विचारायची, ही समता फक्त नमाजापुरती. पडद्यावरच्या शहजाद्यावर जान देणाऱ्यांनी ओबीसींच्या मंचावरच्या दिलीपकुमारांकडे तेव्हा पाठ फिरवली आणि आजच्या श्रद्धांजलीतही तेवढा भाग कापून टाकला आहे.

माझ्या मामूंची फळांची गाडी होती. त्यांच्या नातीला इंजिनिअरिंगला जागा मिळाली ती याच दाखल्यावर. दाखला काढताना मात्र वर्ष गेलं. महाराष्ट्रात ओबीसीच्या जातपडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आपल्या बुजुर्गांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात गुरुजींनी नुसतं 'मुसलमान' लिहून ठेवलंय. मग चुलत आजोबांचं जन्मनोंद रजिस्टर, कुठल्या तरी खरेदीखतावरचा 'बागवान' शब्द, असं शोधत फिरायचं. कित्येक घरं इथेच कंटाळून सोडून देतात. हक्क मिळून पाव शतक उलटलं, आणि तो कागदावर उतरवायला मदत करणारं एकही टेबल आपल्या बहुतेक मोहल्ल्यांत नाही. अंजुमनला शादीखाना बांधायला पैसे मिळतात.

आमच्या गावात शोकसभा आहे, मुशायराही आहे म्हणतात. संयोजकांना मी कळवलंय की मंचावर 'मुघल-ए-आझम'चं पोस्टर खुशाल लावा, फक्त दारात दोन पोरं बसवा. जातीच्या दाखल्याचे अर्ज आणि लागणाऱ्या कागदांची यादी त्यांच्याकडे ठेवा, झेरॉक्सचा खर्च मी देतो. अजून उत्तर आलेलं नाही.