माळ्यावरचा रुमाल

दिवाळीची झाडलोट निघाली, कीं माळ्यावरचा एखादा जुना रुमाल खालीं येतो. आंत मोडी कागद. ते वाचतां कोणास येत नाहींत, म्हणून रद्दीच्या वाटेस लागतात. वाचकहो, थोडें थांबावें! वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून असेच कागद मिळविले. १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला. १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, आणि एकाचें वाचन दुसऱ्यानें तपासण्यास हक्काची जागा झाली.

आमच्या परिचयाच्या एका घरीं मूळपुरुष रणांत पडल्याची कथा होती. निवाडपत्रांत तोच गृहस्थ त्या लढाईनंतर शेजाऱ्याची वाट अडविल्याचा दंड भरतांना आढळला! कागद दडवावा, असें कोणी सुचविलें. आजी म्हणाल्या, “दंड भरला म्हणजे चूक मान्य केली, त्यांत लाज कसली?”

गांवाचा इतिहास अशाच कागदांवर उभा राहतो. म्हणून रुमाल सोडतांना कागदांचा क्रम मोडूं नये, तो कोठें मिळाला हें टिपावें, व मोडी जाणणाऱ्यास दाखवावा. कथा पिढीगणिक वाढते. कागद होता तेवढेंच सांगतो.