नोकरदारही धनकोच

कंपनीचा ताळेबंद ही हिशेबनिसांनी आणि बँकवाल्यांनी वाचायची गोष्ट, असा आपल्या समाजात एक सोयीस्कर समज आहे. महिनाअखेर पगार जमा झाला, गावी पैसे रवाना झाले, की मालकाच्या वह्यांची चौकशी हवी कशाला! आखातातल्या मराठी नोकरदाराला हा समज महागात पडू शकतो, असे आम्हांस वाटते. आणि त्याचे कारण त्याच्या स्वतःच्याच ग्रॅच्युइटीत दडलेले आहे.

संयुक्त अरब अमिरातीत परदेशी नोकरदाराला पहिल्या ५ वर्षांसाठी वर्षामागे २१ दिवसांचे आणि पुढे वर्षामागे ३० दिवसांचे मूळ वेतन ग्रॅच्युइटी म्हणून मिळते. १५ वर्षे नोकरी झाली, की हे साडेतेरा महिन्यांचे मूळ वेतन होते. पुष्कळांच्या गावच्या घराचा हिशेब याच रकमेवर बेतलेला असतो. परंतु बहुतेक ठिकाणी ही रक्कम वेगळी काढून ठेवलेली नसते. ताळेबंदात ती 'देणे' म्हणून एका ओळीत असते, पैसा मात्र धंद्यात फिरत असतो. म्हणजे नोकरदाराने कंपनीला बिनव्याजी, बिनतारणी कर्ज दिलेले असते. बँक कर्ज देताना तारण घेते, वेळोवेळी आकडे मागते. आपण दिवाळीला मालकाकडे मिठाईचा पुडा नेतो!

अशा कर्जाची जोखीम केवढी, हे एनएमसी हेल्थच्या उदाहरणावरून कळावे. अबुधाबीत १९७५ साली सुरू झालेला हा रुग्णालय समूह २०१२ साली लंडनच्या शेअर बाजारात दाखल झाला आणि पुढे तेथील पहिल्या १०० कंपन्यांत जाऊन बसला. डिसेंबर २०१९ मध्ये मडी वॉटर्स या अमेरिकी संस्थेने त्याच्या हिशेबांवर बोट ठेवले. (भाव पडला तर या संस्थेचा फायदाच होणार होता, हेही सांगितले पाहिजे.) जून २०१९ अखेरच्या हिशेबात कर्ज २.१ अब्ज डॉलर दाखवलेले होते. मार्च २०२० मध्ये कंपनीनेच ते सुमारे ६.६ अब्ज असल्याचे सांगितले. एप्रिलमध्ये लंडनच्या न्यायालयाने कारभार प्रशासकांच्या हाती दिला. रुग्णालये चालू राहिली, हे नशीब. पण त्याच संस्थापकाच्या यूएई एक्स्चेंजने मार्चमध्ये नवे व्यवहार थांबवले, आणि गावी पैसे धाडणाऱ्या सामान्य माणसाला झळ लागली ती तेथे.

एवढी मोठी कंपनी, लंडनचे नियम, नामांकित तपासनीस, आणि तरीही ही गत. मग जिचा ताळेबंद कधी कुठे छापलाच जात नाही, अशा ठेकेदार कंपनीचे काय? तेथे नफा कागदावर असतो. बिल फाडले की तो दिसू लागतो, पैसे मात्र सहा महिन्यांनी येतात. मधल्या काळात पगार, भाडे, बँकेचा हप्ता हे ठरल्या तारखेला द्यावेच लागतात. नफ्यातली कंपनी बुडते ती अशी, रोकड संपून. कंपनी बुडाल्यावर नोकरदाराला कायद्याचे थोडेफार संरक्षण असते; पण गहाण मालमत्तेवर बँकेचा हात आधी पोचतो.

उपाय नाही असे नाही. दुबईच्या आंतरराष्ट्रीय वित्तीय केंद्रात २०२० पासून मालकाला ही रक्कम दरमहा स्वतंत्र निधीत भरावी लागते. उर्वरित खाजगी क्षेत्रासाठी २०२३ साली तशीच योजना आली, पण ऐच्छिक. आणि इच्छा मालकाची. येथेच आमचा आक्षेप आहे. ज्याची तिजोरी भरलेली आहे तो मालक या योजनेत आनंदाने जाईल. ज्याची रोकड आटत चालली आहे, म्हणजे जेथे या निधीची खरी गरज आहे, तो ग्रॅच्युइटीचा पैसा धंद्याबाहेर जाऊ देणार नाही. ही योजना सक्तीचीच हवी.

तोपर्यंत निदान विचारणा तरी करता येईल. आपली कंपनी या योजनेत आहे काय, नसेल तर का, हे कार्मिक विभागाला लेखी विचारण्यात गैर काही नाही. एकट्याला भीती वाटत असेल तर चौघांनी मिळून विचारावे. आणि आपली मंडळे गणेशोत्सवात एवढे कार्यक्रम करतात, त्यांत एक संध्याकाळ ताळेबंद कसा वाचावा यासाठी राखून ठेवायला हरकत नसावी. सनदी लेखापालांची आपल्यात वाण नाही.